नऊ वर्षांच्या मुलीला कार्ट शर्यतीत उतरवताना: नियम, साहित्य आणि मापाचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची आहे, भाड्याच्या कार्टवर (म्हणजे गो-कार्टवर) वर्षभर चालवते आहे, आता स्वतःची कार्ट घेऊन तिला शर्यतीत उतरवायचं आहे. नियम काय असतात, कोणतं साहित्य सक्तीचं आहे, घरात असलेलं मुलांचं बाइकचं हेल्मेट चालेल का, आणि शर्यतीच्या कार्टला सीटबेल्ट का नसतो? शेवटी तुम्ही असंही विचारलं आहे की ती वाढत्या वयाची आहे, तर सगळं एक माप मोठं घेतलं तर चालेल का.

मी बरीच वर्षं कार्ट शर्यतींत तांत्रिक तपासणी करतो आणि मुलांना शिकवतोही. माझ्या दृष्टीने तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर आधीच देतो: नाही, चालणार नाही. तपासणीच्या टेबलावर आम्ही शिक्का पाहतो, मानक पाहतो, तारीख पाहतो. हेल्मेट त्या मुलाच्या डोक्याला आणि सीट त्याच्या बरगड्यांना कशी बसते, हे दोन मिनिटांच्या तपासणीत पूर्ण कळत नाही. नियमात बसलेलं पण अंगाला न बसलेलं साहित्य घातलेली मुलं मला दर मोसमात दिसतात. तेव्हा नियम सांगतोच, पण मापाकडे पुन्हा पुन्हा येईन.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. ‘कार्टिंगचा नियम’ असं एकच पुस्तक नसतं. वर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचे आंतरराष्ट्रीय नियम असतात, त्याखाली त्या देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेचे, मग रोटॅक्ससारख्या इंजिन मालिकेचे स्वतःचे, आणि शेवटी त्या शर्यतीपुरते काढलेले पूरक नियम. मुलीला प्रत्यक्ष लागू होणारी वाक्यं बहुतेकदा या शेवटच्या दोन कागदांत असतात. म्हणून खरेदीच्या आधी आयोजकाकडून चालू वर्षाची नियमावली मागवा. मागच्या वर्षीची नको, कारण हेल्मेटच्या मानकांच्या मुदती आणि वयाच्या अटी बदलत राहतात. मी खाली जे सांगतो ते बहुतेक ठिकाणी लागू पडेल, पण तुमच्या नियमावलीत वेगळं काही लिहिलं असेल तर तेच अंतिम.

वयोगटाची रचना साधारण सगळीकडे सारखी आहे. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ५० सीसीचं छोटं इंजिन, त्यापुढे बारापर्यंत ‘मिनी’ गट, ज्यात बहुतेक वेळा ६० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप जुळणारा) असतो. मग साधारण १२ ते १४ ज्युनिअर आणि त्यापुढे सीनियर. रोटॅक्सची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे मायक्रोपासून सीनियरपर्यंत इंजिन १२५ सीसीचंच राहतं, आणि लहान गटांसाठी त्याची ताकद बांधून ठेवलेली असते. ज्युनिअर मॅक्सची (रोटॅक्सच्या ज्युनिअर गटाची) ताकद सुमारे २३ अश्वशक्ती, सीनियरची सुमारे ३०. त्यामुळे नुसता सीसीचा आकडा पाहून गटाचा अंदाज बांधू नका. वय मोजण्याचीही एक गंमत आहे: काही नियमावल्या शर्यतीच्या दिवशीचं वय धरतात, काही त्या कॅलेंडर वर्षात पूर्ण होणारं. डिसेंबरात जन्मलेल्या मुलासाठी हा फरक अख्ख्या मोसमाचा असतो.

तुमची मुलगी मिनी गटात येईल. तिथे चेसिसही (कार्टचा सांगाडा) लहान असते. मिनीत पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर ९५ सेंटिमीटर असतं, तर मोठ्यांच्या कार्टचं १०१ ते १०७. ‘एकदाच मोठी कार्ट घेऊ, चार वर्षं वापरू’ हा विचार बरेच पालक करतात. मग मूल पेडलपर्यंत पोहोचावं म्हणून पाठीमागे उशी कोंबतात. ब्रेक जोरात दाबला की ती उशी दबते आणि पाय अर्धवट पोहोचतो. चेसिस वयाप्रमाणेच घ्या.

किमान वजन हा आणखी एक नियम, जो पालकांना वाटतो त्यापेक्षा सुरक्षिततेशी जास्त जोडलेला आहे. हे वजन कार्ट आणि चालक मिळून मोजतात. समजा गटाचं किमान वजन ११० किलो आहे, कार्ट ६५ किलोची आहे आणि मुलगी सगळं साहित्य घालून ३२ किलोची. म्हणजे १३ किलो शिसं कुठेतरी बसवावं लागणार. ते साधारणपणे सीटवर किंवा चेसिसवर बोल्टने बसवतात. एफआयएच्या नियमात ते घन ठोकळ्यांच्या स्वरूपात, किमान ६ मिलिमीटर जाडीच्या किमान दोन बोल्टने आवळलेलं असावं लागतं. टेपने चिकटवलेलं शिसं घेऊन येणारे मी पाहिले आहेत आणि परत पाठवले आहेत, कारण धडकेत सुटलेला दोन किलोचा तुकडा मागच्या मुलाच्या छातीवर जाऊ शकतो. आणि जर पंधरा-वीस किलो शिसं लावावं लागत असेल, तर तुमचं मूल त्या गटासाठी अजून लहान आहे असं मी समजतो, वय बसत असलं तरी.

आता हेल्मेट. बाइकचं हेल्मेट चालणार नाही, आणि हा नुसता कागदी हट्ट नाही. स्नेल फाउंडेशन ही हेल्मेटची मानकं ठरवणारी संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली, एका शर्यतीत हेल्मेट निकामी ठरून डोक्याच्या दुखापतीने मृत्यू पावलेल्या पीट स्नेल या चालकाच्या नावाने. या संस्थेची मानकं वापरानुसार वेगळी आहेत. ‘एम’ मोटरसायकलसाठी, ‘एसए’ कारच्या शर्यतींसाठी, ‘के’ कार्टिंगसाठी. ‘एसए’मध्ये आगीची चाचणी असते, ‘के’मध्ये नसते. पण पाइपसारख्या कठीण दांड्यावर आपटण्याची चाचणी या दोन्हींत असते आणि ‘एम’मध्ये नसते. कार्ट शर्यतीत स्टीअरिंगपासून दुसऱ्याच्या बंपरपर्यंत डोकं आपटायला पाइपच पाइप असतात, त्यामुळे हा फरक नेमका इथे लागू पडतो.

मुलांसाठी याहूनही वेगळं मानक आहे: सीएमआर आणि सीएमएस. ही हेल्मेटं हलकी असतात आणि मुलांच्या डोक्याचं माप व वजन धरून तपासलेली असतात. एफआयएच्या कार्टिंग स्पर्धांत १५ वर्षांखालच्या चालकांना प्रौढांचं ‘के’ हेल्मेट चालत नाही, मुलांसाठीचंच लागतं. काही क्लब ‘के’ चालवून घेतात. चालवून घेत असतील तरी तुमच्या मुलीसाठी मी सीएमआरच घेईन. नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान बारीक असते. हेल्मेटचा प्रत्येक जादा ग्रॅम प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक खड्ड्यावर ती मान ओढतो. वाढत्या वयासाठी एक माप मोठं घेतलेलं हेल्मेट जड असतं ते असतंच, शिवाय धक्क्यात ते आधी डोक्यावर फिरतं आणि मग थांबतं. म्हणजे त्याचं काम उशिरा सुरू होतं.

माप कसं बघायचं ते सांगतो. शर्यतीच्या दिवशी जशी केशरचना असेल तशीच आणि आतली बालाक्लाव्हा (डोकं आणि मान झाकणारी कापडी टोपी) घालून हेल्मेट चढवा. गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना गालाचा आतला भाग दातांत यावा. हेल्मेट हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी त्याबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग पट्टा आवळून, मागची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढा. डोक्यावरून निघत असेल तर मानक कोणतंही असो, ते निरुपयोगी आहे. पट्टा दोन्ही डी-रिंगमधून (डी आकाराच्या कड्यांतून) नीट परतलेला आहे का, हे मुलांवर सोडू नका, प्रत्येक फेरीआधी स्वतः बघा. आणि वीस मिनिटं घरात घालून बसवा. कपाळावर एकाच जागी दुखलं तर आकार चुकीचा आहे, मोठं माप हा त्यावर उपाय नाही, दुसऱ्या बनावटीचं हेल्मेट घ्या.

मानकाचा स्टिकर आतल्या अस्तराखाली असतो. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका, कारण ते कधी आपटलं आहे का हे बाहेरून दिसत नाही. मोठा धक्का बसलेलं हेल्मेट बाद. काही न होताही साधारण पाच वर्षांनी बदलावं असं स्नेल सांगते, आणि मुलाचं डोकं तोवर वाढलेलंच असतं. हेल्मेटवर कॅमेरा लावू नका, बहुतेक ठिकाणी त्यावर बंदी आहे आणि ती योग्य आहे.

सीटबेल्टचं कोडं सोपं आहे, फक्त उलट्या बाजूने बघावं लागतं. बेल्ट उपयोगी पडतो तो गाडीला चालकाभोवती पिंजरा असेल तेव्हा. शर्यतीच्या साध्या कार्टला पिंजरा नसतो. ती उलटली तर बेल्टने बांधलेलं मूल कार्टखाली, डोक्यावर वजन घेऊन अडकेल. बेल्ट नसेल तर ते बहुधा बाहेर फेकलं जातं, आणि हेल्मेट-सूट हे सगळं त्या फेकलं जाण्यासाठीच बनवलेलं आहे. पिंजरा असलेल्या काही प्रकारच्या कार्ट असतात आणि भाड्याच्या काही कार्टना रोलबार असतो. त्यांना बेल्ट असतो आणि तिथे तो लावायलाच हवा. मुलगी भाड्याच्या कार्टवर बेल्ट लावून शिकली असेल तर पहिल्या दिवशी तिला मोकळं मोकळं वाटेल, पण म्हणून शर्यतीच्या कार्टला बेल्ट बसवून घेण्याचा प्रयोग करू नका. कारच्या शर्यतीत वापरतात ते मानेचं हान्स उपकरणही याच कारणाने इथे लागू नाही, कारण ते खांद्यावरच्या बेल्टखाली धरून ठेवावं लागतं. कार्टिंगमध्ये फोमची मानपट्टी वापरतात. ती काही नियमावल्यांत मुलांना सक्तीची आहे, काहींत ऐच्छिक. तिच्या उपयोगाबद्दल जाणकारांत एकमत नाही. माझं मत: मुलांनी घालावी, पण ती हेल्मेटच्या खालच्या कडेला मोकळी बसली पाहिजे. डोकं पुढे ढकलणारी जाड पट्टी त्रासच देते.

सूटबद्दलही कारच्या शर्यतीची सवय इथे उपयोगी नाही. कारचा सूट आगीसाठी असतो आणि डांबरावर घासला की फाटतो. कार्टिंगचा सूट घासण्याला टिकावा म्हणून बनवलेला असतो, त्याला वेगळं मानक आहे आणि ते कॉलरपाशी नोंदलेलं असतं. हातमोजे पूर्ण बोटांचे, बूट घोट्याच्या वरपर्यंत आलेले, लेस लोंबणारी नाही. एवढं पुरे.

बरगड्यांवर मात्र थांबायला हवं. कार्टला सस्पेन्शन नसतं. मागचा आस एकसंध असतो, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक उचलूनच ती वळते. या सगळ्याचा धक्का सीटच्या कडेतून थेट चालकाच्या बरगड्यांना बसतो, कारण बेल्ट नसल्याने चालकाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे सीटच. कार्टिंगमधली सगळ्यात नेहमीची तक्रार दुखऱ्या बरगड्यांची आहे. यासाठी रिब प्रोटेक्टर असतो. एफआयए ८८७०-२०१८ हे त्याचं मानक, आणि ते छाती व बरगड्या दोन्ही तपासतं. नियमावलीत साधा प्रोटेक्टर चालत असला तरी या मानकाचा घ्या.

पण प्रोटेक्टर हा चुकीच्या सीटवरचा इलाज नाही. मुलगी सीटमध्ये नितंबांपासून बरगड्यांपर्यंत सगळीकडे टेकली पाहिजे, कुठेही टोचता कामा नये. प्रोटेक्टर आणि सूट घालून माप घ्या. सैल सीटमध्ये मूल वळणावर आधी घसरतं आणि मग कडेवर आदळतं. एका सराव सत्रात असं शंभर वेळा होतं. ‘वाढेल म्हणून’ घेतलेली सीट अशीच बरगड्या दुखवते, आणि गंमत म्हणजे कार्टमधली सगळ्यात सहज आणि कमी खर्चात बदलता येणारी मोठी वस्तू सीटच आहे. दरवर्षी बदला. बसवताना ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला, टाचेला मागे आधार, आणि स्टीअरिंग धरल्यावर कोपर वाकलेले, हे तीन बघा.

आता एक मुद्दा, ज्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. मुलीचे केस मोकळे असतील, वेणी सूटच्या बाहेर असेल, गळ्यात स्कार्फ, ओढणी किंवा हुडीची दोरी असेल, तर मी कार्ट सुरू होऊ देत नाही. मागचा आस सीटच्या अगदी पाठीमागे उघडा फिरतो. त्यात केस किंवा कापड अडकलं की ते सोडवायला क्षणही मिळत नाही. यात जीव गेलेले आहेत, आणि तेही बहुतेक भाड्याच्या कार्टवर, हौसेच्या फेरीत. वेणी घट्ट, बालाक्लाव्हाच्या आत, आणि तिचं टोक सूटच्या कॉलरखाली.

इथवरचं मुलीच्या अंगावरचं झालं: वयाप्रमाणे चेसिस, मापाचं मुलांचं हेल्मेट, घट्ट सीट, रिब प्रोटेक्टर, बंद केस. आता कार्टकडे.

स्क्रूटिनीत (शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीत) मी सगळ्यात आधी ब्रेक पाहतो. गिअर नसलेल्या गटांत ब्रेक फक्त मागच्या आसावर असतो, एकच डिस्क. ती गेली की काहीच उरत नाही. म्हणून पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतची (ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपापर्यंतची) जोडणी दुहेरी असावी असा नियम आहे. रॉडच्या जोडीला केबल असेल तर ती किमान १.८ मिलिमीटर जाडीची. जुनी कार्ट घेतली तर ही दुसरी केबल बहुधा गायब असते. मग स्टीअरिंग: प्रत्येक जोडाला सेल्फ-लॉकिंग नट किंवा पिन आहे का, चाक हलवल्यावर खुळखुळ येते का. पेडल सोडल्यावर थ्रॉटल स्वतःहून पूर्ण बंद होतो का. चेनवर गार्ड आहे का. सीटच्या आधारांवर आणि चेसिसच्या वेल्डिंगवर बारीक तडे आहेत का. हे रंग खरवडून, कापडाने पुसून पाहावं लागतं. मागे चाकांना झाकणारा प्लॅस्टिकचा बंपर, बाजूचे दोन पॉड, पुढचं नाक, तळाची ट्रे, हे सगळं पूर्ण आणि न तडकलेलं हवं. मागचा बंपर हा नुसता शोभेचा नाही. एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकावर चढलं की कार्ट हवेत जाते, आणि उलटण्याचे बरेच प्रकार असेच होतात. तो बंपर ते चढणं अडवतो.

पुढच्या नाकाची गोष्ट तुम्हाला पहिल्याच शर्यतीत भेटेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१५ पासून हे नाक अशा क्लिपांवर बसवतात की समोरच्याला ढकललं तर ते आत सरकतं. शर्यत संपल्यावर नाक जागेवर नसेल तर वेळेचा दंड. अनेक मालिकांत चूक कोणाची याची फार चौकशी होत नाही. पालक यावर तावातावाने भांडायला येतात. मला विचाराल तर लहान मुलांच्या शर्यतींत धक्काबुक्की कमी करण्यासाठी इतका उपयोगी नियम दुसरा नाही, कारण दंड कुणाच्या मताने नाही, नाकाच्या जागेवरून ठरतो.

झेंड्यांची यादी नियमावलीत मिळेलच, पाठही होईल. मुलांची खरी अडचण वेगळी असते: ती पुढच्या कार्टच्या मागच्या बंपरकडे पाहत चालवतात आणि झेंडा त्यांना दिसतच नाही. यासाठी सरावाच्या आदल्या दिवशी ट्रॅकवरून पायी फिरा आणि प्रत्येक मार्शलची (झेंडे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याची) जागा मुलीला बोट दाखवून ओळखायला सांगा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. हे दोन तिच्या हाडात बसले पाहिजेत, बाकीचे हळूहळू बसतील.

त्याचबरोबर गिरकी घेतल्यावर काय करायचं हे शिकवा, कारण पहिल्या दिवशीच ती गिरकी घेणार आहे. ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, म्हणजे कार्ट एका रेषेत घसरते आणि मागून येणाऱ्यांना ती कुठे थांबेल याचा अंदाज येतो. हात-पाय आत, जमिनीला हात टेकवायचा नाही. थांबल्यावर हात वर करून बसून राहायचं, हेल्मेट काढायचं नाही, आणि मार्शल सांगेपर्यंत ट्रॅकवर उतरायचं नाही. कार्टमधून उडी मारून पळणारं मूल हे माझ्या मते ट्रॅकवरचं सगळ्यात धोक्याचं दृश्य आहे, उलटलेल्या कार्टपेक्षाही.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेर कार्ट तयार करतात त्या जागेत) बोटं जपा. ट्रॉलीवर कार्ट उचलून इंजिन सुरू करतात तेव्हा चेन आणि स्प्रॉकेट वेगाने फिरत असतात, आणि शेजारी धाकटी भावंडं उभी असतात. त्या वेळी फक्त एक मोठा माणूस जवळ, बाकी सगळे दूर. इंधन भरताना इंजिन बंद आणि अग्निशामक हाताशी.

डोक्याला मार लागला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मोठी धडक झाली आणि त्यानंतर डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेलं बोलणं, अंधुक किंवा दुहेरी दिसणं, झोपाळूपणा यातलं काहीही दिसलं, तर त्या दिवशी ती पुन्हा कार्टमध्ये बसणार नाही. तिला बरं वाटतंय असं ती म्हणेल; मुलं म्हणतातच. ट्रॅकवरच्या डॉक्टरांना दाखवा, उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर थेट रुग्णालय. परत कधी बसायचं हे डॉक्टर ठरवतील, उरलेल्या गुणांची गणितं नाही.

राहिला क्रम. आधी आयोजकाची नियमावली, त्यातून गट आणि इंजिन. मग मुलीला घेऊन जाऊन हेल्मेट आणि सीट, आणि त्यानंतर कार्ट. जुनी कार्ट पाहायला जाताना सोबत त्या गटात मेकॅनिक म्हणून काम करणाऱ्या कुणाला तरी न्या, आणि सीट काढून चेसिसचा तळ बघू द्यायला विक्रेता तयार नसेल तर ती कार्ट सोडून द्या.